माझ्या शिकण्याचा खर्च

आमच्या गावात, वैरागमध्ये, वेल्डिंग म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, नांगराचा फाळ आणि खिडकीची ग्रिल. सोलापूरच्या आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड करून १९८०च्या दशकात मी मुंबईला माझगाव डॉकमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून गेलो, तेव्हा माझी समज तेवढीच होती. गोदावरी वर्गातल्या युद्धनौका तेव्हा तिथे बांधल्या जात होत्या, आणि मी तोवर समुद्रही पाहिला नव्हता.

दर महिन्याला स्टायपेंड मिळे. १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यानुसार तो द्यावाच लागतो. खानावळीचे भागवून थोडे घरी पाठवता येई. आपल्यावर होणारा खर्च एवढाच, असे मला वाटे.

उरलेला खर्च कळला तो मला शिकवणाऱ्या मेस्त्रींमुळे. माणूस कोकणातला, बोलणे मोजके. डोक्यावरचा, म्हणजे ओव्हरहेड जोड मला जमत नसे. वितळलेले लोखंड अंगावर गळे. मेस्त्री हातातले काम थांबवून शेजारी उभे राहत. "घाई करू नको. रॉड जवळ धर," एवढेच म्हणत. मी जोडलेली पट्टी कापून, वाकवून आतली पोकळी दाखवत, ती भंगारात टाकत आणि नवी पट्टी पुढे करत. रॉड ओव्हनमध्ये तापवून का ठेवायचे, हेही त्यांनीच सांगितले. रॉडला ओल राहिली की हायड्रोजन जोडात शिरतो. वरून सुरेख दिसणारा जोड मागाहून आतून तडकतो. जहाजाच्या पोटात असा जोड चालत नाही.

भंगारात गेलेले ते लोखंड, जळलेले रॉड आणि कसलेल्या कारागिराचे थांबलेले तास कुणीतरी सोसत होते. शिकून झाल्यावर मला नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नव्हते, आणि तिथेच राहण्याचे माझ्यावरही नव्हते. तरी मेस्त्रींनी हातचे राखून शिकवले नाही.

पुढे नोकरीत, चाळिशीत, सीओटू वेल्डिंग शिकण्याची वेळ आली. यात तार अखंड येत राहते, रॉड बदलावा लागत नाही. हाताची जुनी लय इथे उपयोगी पडेना. शिकवणारा मुलगा माझ्याहून खूप लहान होता. कामाच्या वेळेत, पूर्ण पगारावर मला पुन्हा विद्यार्थी होता आले. घरसंसार असलेल्या माणसाला पगार बुडवून शिकणे परवडले नसते, हे मी विसरू शकत नाही.

निवृत्तीनंतर वैरागला परतलो. इथल्या एका वर्कशॉपच्या मालकांना म्हटले, "एखादा अ‍ॅप्रेंटिस ठेवा."

"मामा, शिकवून तयार केलं की पोरगं पुण्याला जातं. मग आमचं काय?"

त्यांचे खोटे नव्हते. अ‍ॅप्रेंटिसांसाठीच्या २०१६च्या योजनेत केंद्र सरकार स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत उचलते. पण पट्ट्या आणि कारागिराचे तास मालकाच्याच माथी. मोठ्या गोदीला ते पेलते. चार माणसांच्या वर्कशॉपला जड जाते.

मेस्त्री आता हयात नाहीत. त्यांचे तास त्यांना परत करणे माझ्या हाती नाही. म्हणून त्या वर्कशॉपमध्ये सकाळी मी दोन मुलांना शिकवतो. शिकवण्याचे पैसे घेत नाही. पट्ट्या आणि रॉड मालक देतात. मुले पुण्याला गेली तरी चालेल, एवढे त्यांनी मान्य केले आहे.