बर्फावर घसरायचंय? आधी बूट पायाशी जुळवा

भिलाईच्या वैशाली नगरात थंडी म्हणजे पहाटेची शेकोटी, गच्चीवर उन्हाला टाकलेल्या रजया आणि सुपेल्याच्या बाजारातून आणलेलं एखादं नवं स्वेटर. बर्फ बघायचा तर लांब जावं लागतं. रायपूरहून विमानाने दिल्ली, तिथून श्रीनगर आणि पुढे टंगमर्गमार्गे साधारण 50 किलोमीटरवर गुलमर्ग. नाहीतर दुर्गहून रेल्वेने दिल्ली, रात्रीच्या बसने मनाली आणि तिथून सोलंग.

एवढा प्रवास, घरभराचा खर्च, महिनोन्महिने साठवलेल्या सुट्ट्या आणि स्कीइंगच्या पहिल्याच तासात पाय इतके ठणकतात की, उरलेले दिवस चहाच्या टपरीवर बसून काढावे लागतात. दोष थंडीचा नसतो. बहुतेक वेळा तो बुटाच्या मापाचा असतो आणि त्यावरचा अर्धाअधिक उपाय निघण्याआधी घरीच करता येतो.

बुटाच्या आत दुसरा बूट

स्कीइंगचा बूट दोन भागांचा असतो. बाहेर बकल लावलेलं टणक प्लास्टिकचं कवच आणि आत मऊ, जाडसर मोज्यासारखा काढता-घालता येणारा भाग. त्याला लायनर म्हणतात. पाय उबदार ठेवणं आणि घट्ट धरून ठेवणं, ही दोन्ही कामं त्याचीच.

कवच पायाप्रमाणे वाकत नाही. त्यामुळे लायनर थोडा सैल असला की टाच वर उचलली जाते आणि स्की तुमचं ऐकत नाही. थोडा घट्ट असला तर घोट्याचं हाड आणि करंगळीची बाजू दुखू लागते, रक्तप्रवाह कमी होतो आणि बोटं गार पडतात. मग आपण काय करतो? बोटं गार पडली म्हणून आणखी एक मोजा चढवतो. दाब वाढतो आणि बोटं जास्तच गार पडतात. स्कीच्या बुटात एकच पातळ मोजा घाला, तोही सुरकुती न पडू देता.

गरम करून पायाच्या आकाराला बसवता येणारे लायनर मिळतात. त्यांत बहुधा ईव्हीए नावाचा फोम असतो. आपल्या स्पोर्ट्स शूजच्या तळव्यांतही तो वापरतात. उष्णता मिळाली की तो मऊ होतो, पायाचा आकार घेतो आणि थंड झाला की तसाच राहतो. भिलाईकरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या स्टील प्लांटमध्ये पोलाद तापलेलं असतानाच रुळाचा आकार घेतं. लायनरलाही आकार देण्याची वेळ तेवढीच, मऊ असेपर्यंतची.

सुरुवात कवचापासून

लायनर गरम करून मोठा बूट लहान होत नाही. म्हणून आधी माप घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं मोजा. पाय 26.5 सेंटिमीटर असेल तर स्की बुटाचा नंबरही 26.5. रोजच्या बुटाच्या नंबरावरून अंदाज केला तर बूट बहुधा मोठाच येतो.

मग बुटातून लायनर काढा आणि नुसत्या कवचात पाय घाला. बोटं पुढे जेमतेम टेकवा. आता टाचेमागे किती जागा उरली ते बघा. एक ते दोन बोटं, म्हणजे साधारण 1 ते 2 सेंटिमीटर जागा ठीक. त्याहून जास्त असेल तर तो बूट तुमचा नाही. परदेशातल्या मामाने किंवा चुलतभावाने स्वतःचे जुने बूट प्रेमाने पाठवले असतील, तरी ही परीक्षा घ्याच.

घरातला तांदूळ कामी येतो

बर्फाच्या देशांतल्या दुकानांत लायनर खास ओव्हनमध्ये किंवा गरम हवेच्या नळीवर तापवतात. घरी करणारे लोक एक साधी युक्ती वापरतात, ती म्हणजे मोज्यात भरलेला तांदूळ. धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या छत्तीसगडमध्ये त्याची काय कमी! मात्र आधी लायनरसोबत आलेली सूचना वाचा. प्रत्येक लायनर तापवायचा नसतो आणि काही फक्त दुकानातच तापवायचे असतात. घरी चालत असेल तरच पुढे जा.

लांब सुती मोज्यात कोरडे, कच्चे तांदूळ भरून गाठ मारा. मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा वेळ, मधे हलवत गरम करा. शेजारी कपभर पाणी ठेवा, म्हणजे तांदूळ करपण्याची भीती कमी होते. गरम मोजा लायनरमध्ये पार बोटांच्या टोकापर्यंत सरकवा आणि फोम मऊ होईपर्यंत ठेवा. तवा, गॅस किंवा हीटरवर लायनर कधीही धरू नका. हे काम मोठ्यांचं आहे, मुलांना जवळ येऊ देऊ नका.

तोवर पायाची तयारी करा. बोटांवर फोमची छोटी टोपी किंवा दुमडलेला मोजा चढवा आणि त्यावर पातळ मोजा घाला. ही टोपी नंतर निघाली की बोटं हलवायला जागा उरते. घोट्याचं हाड दुखत असेल तर तिथेही फोमचा छोटा तुकडा चिकटवा. मग तांदूळ काढून, आतली उष्णता हाताला सोसते ना हे बघून लायनर आणि कवच घाला. टाच मागे आपटून बसवा, बकल हलकेच लावा. बोटांखाली पातळ फळी ठेवून गुडघे किंचित वाकवा आणि साधारण 10 मिनिटं हलू नका. हललात तर सुरकुती कायमची बसते.

थंड झाल्यावर सरळ उभे राहा. बोटं पुढे टेकतील. गुडघे पुढे वाकवलेत की ती किंचित मागे सरकायला हवीत. तसं झालं तर माप जुळलं. रोज संध्याकाळी अर्धा तास चटईवर बूट घालून बसा, उभे राहा. फरशीवर चालू नका, पाय घसरतो. कुठे दुखतं ते लिहून ठेवा. लायनर पुन्हा एक-दोनदा गरम करता येतो.

भाड्याने घ्यायचे असतील तर

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी बूट विकत घेऊ नयेत. मुलांसाठी तर नकोच, पाय वर्षभरात वाढतात. गुलमर्ग आणि सोलंगला बूट भाड्याने मिळतात. ते तुमच्या पायावर बसवलेले नसतात, पण कवचाची परीक्षा तिथेही चालते. आपलं सेंटिमीटरचं माप सांगा, लायनर काढून बघा आणि दुकानदार घाई करत असला तरी दोन-तीन जोड घालून पाहा. निघण्याआधी पायाची नखं कापा. साधी वाटणारी ही गोष्ट पुढे टोचत राहते.

रात्री लायनर बाहेर काढून वाळवा, पण बुखारीला टेकवून नको. ज्या उष्णतेने आकार येतो, तिनेच तो बिघडतो.

घरात कुणाला मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा स्पर्श नीट कळत नसेल, तर गरम लायनर त्यांच्या पायात घालू नका. भाजलेलं आणि घासलेलं त्यांना उशिरा कळतं. आधी डॉक्टरांना विचारा. बर्फात खेळण्याचा हट्ट नसेल तर गुलमर्गच्या गोंडोलात बसून आजी-आजोबाही डोंगर बघू शकतात. त्यासाठी मऊ, उबदार, न घसरणारे साधे बूट पुरतात.

स्की आणि काठ्या तिथे कुणाच्याही चालतात. बूट मात्र तुमच्याच मापाचे हवेत. सहलीला अजून महिना असेल तर आज संध्याकाळीच भिंतीशी कागद ठेवा आणि घरातल्या सगळ्यांच्या पायांची मापं घेऊन फोनमध्ये लिहून ठेवा.