सिल्व्हरस्टोनच्या फाटकावर

सन २०२३ च्या जुलै महिन्यात आम्हांस इंग्लंडात काही आठवडे राहण्याचा योग आला. ऑक्सफर्डच्या बाजूस एका धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू रजेवर गेले होते, आणि त्यांच्या जागी मिस्सा व आजाऱ्यांच्या भेटी सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी खानापूर तालुक्यातील आमच्या गावचे एक मेस्त्री सपत्नीक आम्हांस भेटावयास आले. मोटारसायकली दुरुस्त करण्याचे त्यांचे लहानसे दुकान आहे. दुकानाच्या भिंतीवर देवमातेच्या तसबिरीशेजारी शर्यतीच्या लाल मोटारीचे एक जुने कॅलेंडर टांगलेले असते, हे आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल.

"फादर, आमचा पोरगा तिकडं रेसच्या गाड्यांवर असतो," मेस्त्री म्हणाले. "सिल्व्हरस्टोन म्हणून गाव आहे. जमलं तर बघून या. आणि एक फोटो काढून आणा. मागं गाडी दिसली पाहिजे."

मुलाच्या आईने काही मागितले नाही. तिने कुळीथपिठाची एक पिशवी आणि आमसुलांची पुडी आमच्या हाती दिली.

मुलाचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. ज्यांस कळावयाचे त्यांस ते कळेलच. त्याच्या आजोबांचा जन्म बार्देशातला, पोर्तुगीज अमदानीतला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, हे आमच्या सीमाभागातील घराघरांत आता ठाऊक आहे. त्या कागदाच्या बळावर हा मुलगा २०१८ साली इंग्लंडात गेला. त्या वेळी युरोपच्या नागरिकांस तेथे मोकळेपणाने काम करता येत असे. ती वाट २०२० अखेर बंद झाली. जे आधीच गेले होते ते राहिले. स्विंडन या शहरात गोवेकरांची मोठी वस्ती आहे. हा मुलगाही तेथेच चौघांबरोबर एका घरात राहतो.

आम्ही तेथे पोहोचल्यावर त्यास फोन केला. आवाज ऐकून तो आनंदला. परंतु सिल्व्हरस्टोनचे नाव काढताच थोडा अडखळला. "शनिवारी माझी ड्यूटी आहे, फादर. आत येता यायचं नाही, तिकीट फार महाग असतं. फाटकावर या."

दिनांक ८ जुलैस, म्हणजे ब्रिटिश ग्रां प्री शर्यतीच्या आदल्या दिवशी, एका सद्गृहस्थाने आम्हांस आपल्या मोटारीतून सिल्व्हरस्टोन गावापर्यंत नेऊन सोडले. पुढची वाट आम्ही पायीच चाललो. पावसाच्या सरी येत-जात होत्या. दोन्ही बाजूंस ओली कुरणे, कुंपणाच्या झुडपी रांगा, मधूनच मेंढरे. आणि त्या शांत शेतवाडीतून छत्र्या, खुर्च्या व खाण्याच्या पिशव्या घेतलेल्या माणसांचा अखंड लोंढा. आमच्या जुन्या गोव्यातील डिसेंबरच्या फेस्ताला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंची आम्हांस आठवण झाली. त्या वर्षी चार दिवसांत ४,८०,००० लोक तेथे आले, असे नंतर जाहीर झाले.

हे ठिकाण मुळात शर्यतीसाठी बांधलेले नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, येथे विमानतळ उभारला गेला आणि वेलिंग्टन नावाच्या बाँबफेकी विमानांवरील तरुणांस येथे शिक्षण मिळे. युद्ध संपले आणि धावपट्ट्या ओस पडल्या. १९४७ मध्ये आसपासच्या काही हौशी मित्रांनी तेथे आपापसांत मोटारी पळविल्या, तेव्हा एकाच्या मोटारीखाली मेंढरू सापडून मेले. त्या शर्यतीस लोक अजून थट्टेने 'मटन ग्रां प्री' म्हणतात. पहारेकरी नसला म्हणजे काय होते त्याचा पहिला दाखला त्या बिचाऱ्या मेंढराने दिला, असे म्हणावयास हरकत नाही. २ ऑक्टोबर १९४८ रोजी येथे पहिली मोठी शर्यत गवताच्या गाठी रचून आणि दोर बांधून झाली. १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपदाची जगातील पहिली शर्यत येथेच राजे सहावे जॉर्ज यांच्यासमक्ष धावली.

आम्हांस मात्र अधिक नवल वाटले ते वळणांच्या नावांचे. ५.८९१ किलोमीटरांच्या त्या मार्गावर 'ॲबी' आहे, 'लफील्ड' आहे, 'बेकेट्स' आहे आणि 'चॅपल'ही आहे. या भूमीवर पूर्वी बेनेडिक्टाईन संन्याशांचा लफील्ड मठ होता. तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस बंद झाला. जवळच संत थॉमस बेकेट यांच्या नावचे एक प्रार्थनामंदिर होते. कँटरबरीच्या प्रधान मंदिरात ११७० साली ज्यांचा वध झाला तेच हे महागुरू. मठ गेला, मंदिर गेले. नावे तेवढी ताशी दोन-अडीचशे किलोमीटर वेगाने वळणाऱ्या मोटारींसाठी शिल्लक राहिली. आम्ही ही हकीकत त्या मुलास पुढे सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "फादर, मी पाच वर्षं बेकेट्स, बेकेट्स म्हणतोय. मला वाटलं कुठल्यातरी ड्रायव्हरचं नाव असेल."

तो आम्हांस फाटकावर दिसला. अंगात पिवळे चमकते जाकीट, दंडावर परवान्याचे कार्ड, हातात वायरलेस, बूट चिखलाने माखलेले. त्याने आम्हांस पाहिले, परंतु जागचा हलला नाही. नजरेनेच 'थांबा' अशी खूण केली. आम्ही एका कुंपणाशी छत्री धरून उभे राहिलो आणि सुमारे पाऊण तास त्याचे काम पाहिले.

प्रत्येकाशी तो "गुड मॉर्निंग" म्हणे, पिशवी त्यांसच उघडावयास सांगे, आत नजर टाके, काचेची बाटली असेल तर बाजूस ठेवावयास लावी. कोणी हसून बोले, कोणी कुरकुर करी. एका दांडग्या गृहस्थाने दोनदा घड्याळ पाहून काहीतरी अपशब्द उच्चारला, तोही आम्ही ऐकला. मुलाने चेहरा बदलला नाही. एकदा आतून एकाएकी मोटारींचा आवाज उसळला, भिंतीपलीकडे कोणी थान कापड टरटर फाडावे तसा. रांगेतील सर्वांच्या माना तिकडे वळल्या. आमचीही वळली. त्याची वळली नाही.

विश्रांतीची वेळ झाली तेव्हा तो आला आणि वाकून आमचा आशीर्वाद घेतला. तेथील कायद्याप्रमाणे सहा तासांहून अधिक कामास किमान वीस मिनिटांची विश्रांती द्यावीच लागते. त्याला तेवढीच मिळाली. सोमवार ते शुक्रवार तो स्विंडनमधील एका मालाच्या गोदामात असतो. शर्यती, गाण्याचे जलसे, फुटबॉलचे सामने असले म्हणजे एका ठेकेदारामार्फत पहाऱ्याचे काम. त्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून पाचजण एका मोटारीने दीड तासाचा रस्ता कापून आले होते. पाळी बारा तासांची.

"गाड्या तू कितीदा पाहिल्यास?" आम्ही विचारले.

तो हसला. "उभ्या असलेल्या पाहिल्यात. पळताना नाही. गेल्या वर्षी मला आत, कुंपणाशी उभं केलं होतं. तिथं तर पाठच करायची, फादर. तोंड लोकांकडे, पाठ ट्रॅककडे. वळून बघितलं की सुपरवायझर रेडिओवर नाव घेतो."

येथे एक गोष्ट समजावून सांगणे अवश्य आहे, कारण आम्हांसही ती ठाऊक नव्हती. नारिंगी पोशाखात, झेंडे व अग्निशामक नळकांडी घेऊन मार्गाच्या कडेस जे दिसतात, ते मार्शल. ते बहुतेक स्वयंसेवक असतात, पगार घेत नाहीत, आणि अपघात झाला तर मार्गावर जाण्याचा अधिकार त्यांचा. पिवळ्या जाकिटाचा पहारेकरी हा पगारी माणूस. २००१ च्या कायद्यान्वये त्यास शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन सरकारी परवाना काढावा लागतो. त्याचा कारभार माणसांशी. मार्शलने मोटारींकडे पाहावयाचे, पहारेकऱ्याने चेहऱ्यांकडे.

चेहऱ्यांकडे का, हे विचारण्याची पाळी आमच्यावर आली नाही. कारण सिल्व्हरस्टोनच्या इतिहासातील तो धडा आमच्याच वृत्तीच्या एका माणसाने दिला आहे, आणि ते आम्हांस आधीच ठाऊक होते. २० जुलै २००३ रोजी, शर्यत ऐन भरात असता, नील होरान नावाचा आयर्लंडचा एक कॅथलिक धर्मगुरू कुंपण ओलांडून 'हँगर स्ट्रेट' या सरळ पट्ट्यावर धावत सुटला. अंगात स्कॉटिश घागरा, हातात बायबल वाचण्यास सांगणारा फलक. समोरून मोटारी येत होत्या. त्या पट्ट्यावर त्यांचा वेग विमानाच्या उड्डाणाइतका असतो. चालकांनी कशाबशा मोटारी चुकविल्या. स्टीफन ग्रीन नावाच्या मार्शलने धाव घेऊन त्या माणसास खाली पाडले व बाजूस ओढले. त्या धैर्याबद्दल त्यास पुढे पदक मिळाले. होरान यास दोन महिन्यांची कैद झाली, आणि २००५ मध्ये त्याचे धर्मगुरुपदही काढून घेण्यात आले. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पवित्र ग्रंथ हातात आहे म्हणून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा परवाना मिळत नाही.

"ट्रेनिंगमध्ये ती फिल्म दाखवतात," मुलगा म्हणाला. मग जरा चाचरत म्हणाला, "तो पाद्री होता हे मी तिथं कुणाला बोललो नाही."

३ जुलै २०२२ रोजी पुन्हा तसेच झाले. खनिज तेलाच्या विरोधात आंदोलन करणारी काही मंडळी पहिल्याच फेरीत 'वेलिंग्टन स्ट्रेट'वर जाऊन बसली. त्याच क्षणी दुसरीकडे झालेल्या भीषण अपघातामुळे लाल झेंडा दाखविला गेला होता आणि मोटारी मंदावल्या होत्या, म्हणून निभावले. पुढील वर्षी सहा जणांस न्यायालयाने दोषी ठरविले. आमचा मुलगा त्या दिवशी दुसऱ्या टोकास होता. रेडिओवर एकाएकी झालेली ती गडबड त्याला आजही आठवते. त्या रात्री घरी गेल्यावर आपण ज्या-ज्या पिशव्या पाहिल्या त्या एकेक आठवीत तो जागा राहिला होता.

आणि तरीही चेहऱ्यांकडे पाहणे ही सोपी गोष्ट नव्हे. मँचेस्टर येथे २२ मे २०१७ रोजी जलशाच्या शेवटी स्फोट होऊन २२ निरपराध माणसे मेली. पुढे चौकशीत निघाले की एका अठरा वर्षांच्या पहारेकऱ्यास तो मारेकरी आधीच खटकला होता. परंतु आपण रंगावरून संशय घेतो असा ठपका येईल, या भीतीने तो कचरला, आणि रेडिओवरही त्याचा संदेश पोहोचला नाही. हे सांगून मुलगा म्हणाला, "माझं उलटं आहे, फादर. मी गोऱ्याची पिशवी उघडायला सांगितली की तो माझ्या रंगाकडे बघतो."

वीस मिनिटे संपली. आम्ही त्यास कुळीथपिठाची पिशवी दिली. त्याने ती नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि लगेच जाकिटात खोचून फाटकाकडे पळाला.

सायंकाळी पाळी संपल्यावर, त्याचे सोबती येईपर्यंत, आम्ही दोघे रस्त्याकडेच्या ओल्या गवतातून फिरलो. बापाने मागितलेल्या फोटोची गोष्ट आम्ही काढली. आम्हांस वाटले, हसण्यावारी नेईल. तो थांबला.

"गावात एक मोटार ठेवलीय, दिखाऊ. आत इंजिन नाही. लोक तिच्याजवळ फोटो काढतात. चला तिथं." चार पावले गेला आणि पुन्हा थांबला. "नको. फादर, मी कधी खोटं नाही बोललो. सिल्व्हरस्टोनला कामाला आहे एवढंच म्हणालो. बाकी बाबांनीच धरलं. पाच वर्षं झाली, आता फोनवर कसं सांगू? तुम्ही सांगाल?"

असले निरोप पोहोचविणे हे आमच्या कामापैकीच आहे. तरी ते आम्हांस कधी सोपे गेलेले नाही. आम्ही होकार दिला. त्याच फाटकापुढे, पिवळ्या जाकिटात, चिखलाच्या बुटांसह आम्ही त्याचा फोटो काढला. फोटो काढून होताच तो आपणहून म्हणाला, "पळताना दिसत नाहीत, पण ऐकू येतात. लहानपणी बाबा मला दुकानात डोळे मिटायला सांगायचे आणि विचारायचे, कुठला सिलिंडर चुकतोय ते सांग. तसंच. स्टोच्या वळणाला कोण ब्रेक लवकर दाबतो, कोण उशिरा, ते पाठ करूनही कळतं."

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. आम्ही त्या वेळी रविवारच्या मिस्सेनंतर आजाऱ्यांकडे होतो. मॅक्स व्हर्स्टापेन जिंकला हे रात्री कळले. तो सोमवारी सकाळी गोदामात होता.

ऑगस्टमध्ये गावी परतल्यावर आम्ही प्रथम मेस्त्रींच्या दुकानी गेलो. ते एका मोटारसायकलचा कार्बोरेटर उघडून बसले होते. आम्ही फोटो हाती दिला आणि जे पाहिले ते सर्व सांगितले, काही लपविले नाही, काही वाढविलेही नाही. ते बराच वेळ फोटो धरून होते. तेलाचा एक ठसा त्यावर उमटला.

"म्हणजे पाठ करून उभा राहतो?"

"होय."

"बारा तास?"

"होय."

मग आम्ही आवाजाची गोष्ट सांगितली. त्यांनी मान वर केली. "ब्रेक कोण उशिरा दाबतो तेसुद्धा सांगतो?"

"सांगतो," आम्ही म्हणालो.

मेस्त्रींनी फोटो पुसला, उठून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत खोचला आणि आतल्या बाजूस हाक मारली, "अगं, फादरांना चहा टाक."