दादांचा रेडिओ आणि माझी बेरीज

माझे वडील गोदीत हमाली करीत. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सन १९८९ मध्ये त्यांनी चोरबाजारातून एक जुना जपानी संच आणला. ट्यूनर वेगळा, अॅम्प्लिफायर वेगळा आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर. दहा बाय बाराच्या आमच्या खोलीत भांड्यांच्या मांडणीखाली त्याला जागा मिळाली. दादांचे शिक्षण बेताचे. पण मराठी बातम्या ऐकल्याशिवाय ते कामावर निघत नसत.

२०१६ साली दादा गेले. संचावर कापड पडले ते पडलेच. २०१९ मध्ये एके दिवशी आई म्हणाली, "अरे, दादांचा रेडिओ लाव ना एकदा. घर मुकं झालंय."

मी बी.कॉम. झालेला कारकून. वाटले, लावायचाच तर जोरात लावू. बाजारातून आणखी दोन मोठे स्पीकर आणले. पेटीवर "१००० वॅट पीएमपीओ" असे छापलेले. आकडा मोठा, किंमत कमी! जुन्या स्पीकरच्या तारांनाच नव्या तारा पिळून जोडल्या. आवाज दणक्यात लागला, वस्तीतली पोरे दारात जमली. अर्ध्या तासात करपल्याचा वास आला आणि अॅम्प्लिफायर बंद पडला. आई काही बोलली नाही. मोरीत जाऊन भांडी घासू लागली. तिचे ते न बोलणे मला फार लागले.

दुसऱ्या दिवशी संच घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी विचारले, "अरे बाबा, याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचलंस का?" लिहिले होते: २० वॅट, ८ ते १६ ओहम. जुने स्पीकर ८ ओहमचे, मी आणलेले ४ ओहमचे.

"मग आठ नि चार बारा झाले ना काका?" मी म्हणालो.

काका हसले. "एकामागे एक जोडले असतेस तर बारा. तू शेजारी शेजारी जोडलेस. एका टाकीला दोन नळ लावले की पाणी जास्त वाहतं, तसं. दोन्ही मिळून पावणेतीन ओहमसुद्धा उरले नाहीत. जितके ओहम कमी, तितका करंट जास्त. ट्रान्झिस्टर जळणारच."

आयुष्यभर बेरजा केल्या, पण ही बेरीज मला ठाऊक नव्हती.

वाचक बंधू-भगिनींनो, जुना संच जुळवणाऱ्यांनी काकांचे चार शब्द ध्यानात ठेवावेत. पीएमपीओ हा जाहिरातीचा आकडा आहे. सतत किती वॅट मिळतात तेवढेच विचारावे. स्पीकर घेताना त्याचे डेसिबलही पाहावेत. ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जितका वाजतो, तितक्याच आवाजासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. म्हणजे अॅम्प्लिफायर लहान असेल तर स्पीकर जास्त डेसिबलचा हवा. ट्यूनरची तार "ट्यूनर" किंवा "ऑक्स" लिहिलेल्या जागीच लावावी. "फोनो" ही तबकडीच्या सुईची जागा आहे. तिथे ट्यूनर लावला तर आवाज फाटतो. स्पीकरच्या तारा अधिकला अधिक, उण्याला उणे अशाच जोडाव्यात. एका बाजूच्या उलट्या झाल्या तर ढोलकीचा भरीव आवाज हरवतो. परदेशी संच घेताना तो किती व्होल्टचा ते आधी पाहावे. खास जपानसाठी बनवलेला संच १०० व्होल्टवर चालतो. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळतो. अशा जुन्या ट्यूनरवर एफएमचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो, तर आपली केंद्रे ८८ ते १०८ मध्ये आहेत. त्यामुळे बहुतेक केंद्रे लागतच नाहीत.

जळालेले ट्रान्झिस्टर मिळायला पंधरा दिवस लागले. संच घरी आणला. दादांचेच दोन स्पीकर पुसून जोडले. एफएमसाठी साधारण दीड मीटर लांबीची तार टीच्या आकारात खिडकीशी ताणली. ट्यूनरचा काटा फिरवला आणि निवेदिकेचा आवाज स्वच्छ आला. जणू ती खोलीतच बसून बोलत होती. मी हौसेने आवाज वाढवू लागलो.

आई जवळ आली. म्हणाली, "एवढा नको. दादा कमीच ठेवायचे. शेजारी रात्रपाळी करून झोपलेले असायचे."

मी बटण मागे फिरवले. ते नवे मोठे स्पीकर दुसऱ्याच दिवशी विकून टाकले.