गंडीपेटच्या पाण्यामागे, सायकलवर

गेल्या जुलैमधल्या एका रविवारी पहाटे पाचला गच्चीबावलीहून निघालो, मी आणि ऑफिसमधला मित्र. जायचं होतं विकाराबादजवळच्या अनंतगिरीला. जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर. भरलेलं आभाळ बघून आई म्हणाली, "आज राहू दे की रे!" पण महिनाभर ठरवलेलं होतं.

गंडीपेटला पहिली सर आली. 1908 च्या सप्टेंबरात मूसीला महापूर आला आणि शहरातली हजारो माणसं गेली. तसं पुन्हा होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने मूसीवर हा तलाव बांधला, 1920 साली. विश्वेश्वरय्या पुण्यात इंजिनिअर झाले, म्हणून बाबांच्या लेखी ते 'आपलेच'!

पुढे चेवेल्लाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना जुने वड आहेत. रुंदीकरणात ते जाऊ नयेत म्हणून इथले लोक वर्षानुवर्षं भांडत आले. मुसळधार पावसात एका वडाखाली चिक्की खात उभे राहिलो, तेव्हा ते का भांडतात हे नीट कळलं.

विकाराबादनंतर चढ लागला. धापा टाकत वर पोचलो, अनंत पद्मनाभस्वामींचं दर्शन घेतलं. मूसीचा उगम याच डोंगरात. रस्त्याकडेने गढूळ पाणी खळाळत होतं.

फजिती झाली ती उतारावर. ब्रेक दाबतोय, पण सायकल थांबेना! वळणावर समोर बस दिसली, तशी सायकल सरळ कडेच्या चिखलात घातली. कोपर खरचटलं, पाय मात्र बराच वेळ लटपटत होते. पावसात रिमवर चिखल-वाळू चिकटते आणि ब्रेकचे रबर भराभर झिजतात, हे मला माहीत होतं. निघताना ते बघायचा मात्र मी आळस केला होता. उरलेला उतार चालतच उतरलो. मित्राचे डिस्क ब्रेक चांगले होते, तरी तोही काही न बोलता शेजारून चालत राहिला. विकाराबादच्या दुकानात नवे रबर बसवून घेतले.

परतताना गंडीपेटला पुन्हा थांबलो. माझ्या शेजारून खळाळत गेलेलं पाणी उद्या-परवा इथे येणार होतं. माझा जन्म इथलाच, तरी 'गाव कुठलं?' विचारलं की मी आजवर सातारा सांगायचो. साताऱ्याचा मी आहेच. पण ज्या नदीचं पाणी पिऊन वाढलो, तिचा उगम बघायला तिशी उलटावी लागली.

तुम्हीही जाऊन या. फक्त निघण्याआधी ब्रेक तपासा!