टर्मिनल २ वरची इंग्रजी

कोल्हापुरी चपलांचे नमुने घेऊन आम्ही पाच कारागीर सिंगापूरला निघालो. घरच्यांना धास्ती विमानाची, आम्हाला इंग्रजीची. मुंबईच्या टर्मिनल २ वर निर्गमन चौथ्या मजल्यावर आहे. तिथवर पाट्या वाचत पोहोचता येते. खरी परीक्षा काउंटरवर. ही बॅग तुम्हीच भरली का? दुसऱ्या कुणाचे सामान आहे का? प्रश्न भराभर येतात. घाबरून सगळ्यालाच 'यस, यस' म्हणण्याची आपली सवय इथे घातक! पहिल्याला 'यस', दुसऱ्याला 'नो', अन् कळलेच नाही तर 'स्लोली, प्लीज'. हे उत्तर खरे ठरावे म्हणून प्रत्येकाने आपापलीच बॅग भरली होती.

रापी चेक-इन सामानात टाकावी, पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत. चामड्याला लावायच्या तेलाची बाटली १०० मिलिलिटरहून मोठी असली तर तीही हातात चालत नाही.

महिनाभर रोज जेवताना आमच्या मुली अधिकारी होऊन प्रश्न विचारत, आणि फार कडक होत्या. चांगी विमानतळावर 'पर्पज?' एवढेच विचारले गेले. आमच्यातले थोरले पुढे होते. 'बिझनेस. फोर डेज,' ते म्हणाले आणि पासपोर्ट खिशात घालून पट्ट्यावरचे खोके उतरवायला गेले.