बदकाची शेपटी

परवा भाच्याच्या टेबलावर तळहाताएवढी एक पांढरी मोटार दिसली. दारांखाली निळ्या अक्षरांत ‘कॅरेरा’, चाकेही तशीच निळी. छपरापासून मागे एका वळणात उतरत आलेली रेषा इंजिनाच्या झाकणावर एकाएकी अडखळत होती. बदकाने शेपूट वर करावी तशी तिथे एक कड उचललेली होती. अध्यापकी सवयीने मी म्हणाले, ‘‘एवढी ओघवती आकृती, आणि शेवटी हे पाल्हाळ कशाला?’’

भाचा यंत्र-अभियंता. तो हसला. ‘‘मावशी, हे काढलंस तर वेगात गाडीचा मागचा भाग हलका होईल.’’

ती पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ची प्रतिकृती होती. मूळ गाडी ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. शर्यतीच्या नियमांपुरत्या ५०० गाड्या विकायच्या होत्या. पुढे १,५८० बांधाव्या लागल्या. भाच्याने सांगितले ते असे : ९११च्या उतरत्या पाठीला हवा बिलगून वेगाने वाहते, त्यामुळे तिथला दाब घटतो आणि मागचा भाग उचलला जाऊ लागतो. वेगात वळण घेताना मागच्या चाकांची पकड सैल होते. म्हणजे डोळ्यांना सुखावणारी ती सलग रेषाच गाडीचा घात करत होती. हेर्मान बुर्स्ट, टिल्मान ब्रॉडबेक या अभियंत्यांनी वातबोगद्यात आणि धावपट्टीवर कडेची उंची कमीजास्त करत ही शेपटी घडवली. ५ ऑगस्ट १९७२ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. ती हवेचा ओघ मोडते, म्हणून उचल कमी होते. नवल असे, की तिच्यामुळे गाडीचा कमाल वेगही ताशी साडेचार किलोमीटरने वाढला. अशा पट्टीला ‘स्पॉयलर’ म्हणतात, बिघडवणारा. तो काय बिघडवतो, हे विचारायचे मला कधी सुचले नव्हते.

याच गाडीच्या हलक्या आवृत्तीतून किती काय वगळले होते, तेही पाहण्यासारखे आहे. मागची आसने नाहीत, कडेच्या शोभेच्या पट्ट्या नाहीत, पत्रा आणि काचा पातळ. नाकावरचे धातूचे मानचिन्हसुद्धा काढून तिथे चिकटचित्र लावलेले. ९६० किलो वजनाच्या त्या गाडीत ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब होता. तरीही त्या कंजूष हातांनी शेपटी मात्र जोडली. (निळी अक्षरेही ठेवलीच, हवेला त्यांचा काही उपयोग नाही. निखळ हौसेलाही थोडी जागा असावी.)

आनंदवर्धनाने गुण आणि अलंकार यांतला भेद सांगताना अलंकारांना अंगावरच्या कड्यांची उपमा दिली आहे. गेली कित्येक वर्षे मी तो भेद वर्गात शिकवते आहे. कडे कोणते आणि अंग कोणते, हे आपल्याला पाहताक्षणी कळते, असा माझा समज होता. पण तीच शेपटी गल्लीतून रांगणाऱ्या गाडीवर बसवली तर ती नुसते कडे. ताशी दोनशेच्या वेगात तीच अंग होते. क्षेमेंद्राचे औचित्य मी स्थानाच्या अंगाने समजावत आले, वेगाच्या अंगाने कधी नाही.

आणि मला एक निबंध आठवला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या एका मुलीने शिंपीकाम करणाऱ्या वडिलांवर लिहिले होते. मधे अर्धे पान नुसती दोऱ्यांच्या रिळांची नावे, बटणांचे डबे, कोणत्या डब्याचे झाकण घट्ट बसते याची हकीकत. मी त्यावर आडवी लाल रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘विषयांतर. ओघ तुटतो.’ ओघ तुटत होता, हे खरेच. तिने निमूटपणे ते पान गाळले. निबंध सुबक झाला, स्पर्धेत बक्षीसही मिळाले. त्या सुबक निबंधात वडिलांचे कष्ट होते, त्याग होता, कृतज्ञता होती, वडील नव्हते. सगळे जमिनीपासून चार बोटे वर तरंगत होते. त्यानंतर वर्षभर तिने जे लिहिले ते मला आवडेल असेच लिहिले, आणि मी त्याला प्रगती समजले.

संपादन करू नये, असे मला म्हणायचे नाही. मागची आसने काढावीच लागतात. पण रेघ मारण्याआधी, हे वाक्य इथे काय धरून ठेवते आहे, एवढे तरी विचारायला हवे होते. मी फक्त ते कसे दिसते, ते पाहिले.

असो. जुन्या फायलीत तो पहिला खर्डा सापडला. लाल रेघेखालची अक्षरे अजून वाचता येतात : मोरपिशी, अबोली, राणी, आणि ‘बाबा ज्याला नुसता मळका म्हणतात तो’. ती प्रत आता तिला पाठवायची आहे. सोबत काय लिहावे, एवढेच ठरत नाही.