दोन चाळींच्या मधली जागा

आधी एक गैरसमज काढून टाकू. मुंबईतल्या बीडीडी चाळीला गॅलरी नव्हती. नाटका-सिनेमांनी चाळ म्हणजे लाकडी कठड्याची लांब गॅलरी, तिच्यावर वाळणारे कपडे आणि कठड्याला टेकून गप्पा, असं चित्र डोक्यात बसवलंय. ते गिरगावातल्या, लालबागेतल्या खासगी चाळींचं. सरकारने बांधलेली बीडीडी चाळ काँक्रीटची. मधोमध पॅसेज, दोन्ही हातांना दहा-दहा खोल्या, तळमजला धरून चार मजले. एका चाळीत 80 खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. पॅसेजमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागे. मग माणूस बसणार कुठे? खाली. एका चाळीची पाठ आणि दुसरीचं तोंड यांच्या मधे जो मोकळा पट्टा सुटला होता, तिथे. नकाशावर त्याला नाव नव्हतं. डिलाईल रोडवर आयुष्य काढून रत्नागिरी जिल्ह्यात परत आलेला कुणी म्हातारा भेटला, तर त्याला चाळीबद्दल विचारून बघा. खोलीचं तो एका वाक्यात आटपतो आणि खालचं सांगत बसतो.

०

हिशेब असा: वरळीला 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर म्हणजे डिलाईल रोडला 32, शिवडीला 12. एकूण 207 चाळी.

०

गव्हर्नर जॉर्ज लॉइडने 1920 मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे नवं खातं काढलं, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीडीडी. बेत 50 हजार गाळ्यांचा होता. त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बांधून झाले आणि खात्याचा उत्साह संपला. याच खात्याने बॅकबेचा समुद्र बुजवायला घेतला होता आणि त्या कामातला गैरव्यवहार वकील नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. आज त्याच बॅकबेच्या नंतरच्या भरावावर नरिमन पॉइंट आहे. सरकारी नामकरणात इतका विनोद क्वचितच साधतो.

चाळी उभ्या राहिल्या तेव्हा वरळीला राहायला कुणी फारसं जाईना. गिरण्यांपासून लांब, अंधाऱ्या, भाडंही जास्त. रिकाम्या पडलेल्या चाळींमध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रही कोंडले. म्हणजे इमारत बांधली कामगारांसाठी आणि तुरुंग म्हणून ती तेवढीच सोयीची निघाली. बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते यातून कळतं.

०

1921 च्या शिरगणतीत मुंबईतला दर पाचवा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. तेव्हाच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग होता. सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला. तरीही पाचवा हिस्सा! रत्नागिरी शहर त्या काळी केवढंसं होतं ते आठवलं, तर आपल्या जिल्ह्याचं सगळ्यात मोठं गाव परळ-लालबाग होतं असं म्हणायला हरकत नाही. या गावाची वेस भाऊच्या धक्क्याला लागे. बोट रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात उभी राही. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, वळकटी सांभाळत शिडी चढायची आणि रात्र डेकवर काढायची.

०

गावाची खोली. मुंबईत शिकलेल्यांनाही हा प्रकार समजावून सांगावा लागतो. खोली एकाच्या नावावर, राहायला वाडीतले दहा-बारा जण, कधी त्याहून जास्त. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच जागेवर आडवे. सामान म्हणजे भिंतीला टांगलेली पिशवी आणि ट्रंक. जेवण खाणावळीत, तेही बहुधा गावच्याच कुणा बाईच्या हातचं. गिरणीतली ‘बदली’, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी मिळणारं काम, कुणामुळे लागायची, तर त्याच खोलीतल्या जुन्या माणसामुळे. भाऊबंदकीची भांडणंही तिथेच. गावाकडे बांधावरून सुरू झालेला वाद डिलाईल रोडला बाकड्यावर बसून मिटवल्याच्या कथा घरोघरी आहेत. तिथे पेटवून गावाकडे पाठवल्याच्याही आहेत.

पगार झाला की मनीऑर्डर. आमच्याकडच्या कित्येक चिरेबंदी घरांचा पाया या मनीऑर्डरींवर आहे. ती घरं आज बंद, आणि मनीऑर्डर जिथून निघायची ती खोलीही गेली.

०

रस्त्यांची जुनी-नवी नावं, आठवतील तशी. डिलाईल रोड झाला ना. म. जोशी मार्ग. जोशी म्हणजे आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेतले, त्याआधी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारे. आर्थर रोडचा साने गुरुजी मार्ग झाला. गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, म्हणजे आमचेच. तरी आमची माणसं शेवटपर्यंत आर्थर रोडच म्हणत राहिली. सात रस्ता मात्र कुठल्याही नामांतराला पुरून उरला. 2022 मध्ये चाळींनाही नावं मिळाली: वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर, डिलाईल रोडला राजीव गांधी नगर. पाडायला काढलेल्या वस्तीचं बारसं आधी उरकायचं, ही रीत मला अजून उलगडलेली नाही.

डिलाईल रोडचा पूल 2018 मध्ये बंद झाला, मग पाडला. नवा पूर्ण खुला व्हायला 2023 उजाडलं. त्या पाच वर्षांत रुळाच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं एकमेकांना गावाला शिमग्यात भेटत, असं एकजण म्हणाला. अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

०

भाद्रपदात सगळी मुंबई लालबागच्या दिशेने निघते आणि लालबाग-परळातला कोकणी माणूस उलट्या दिशेने. गणपतीत चाळी अर्ध्या रिकाम्या व्हायच्या. जगाने टीव्हीवर पाहिलेल्या त्या गर्दीत तिथला निम्मा रहिवासी कधीच नव्हता. तो एसटीच्या रांगेत होता.

०

परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, खोली क्रमांक 50 आणि 51 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसहून अधिक वर्षं राहिले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. ‘आमची रत्नागिरीची माणसं’ म्हणून चाळीचा गहिवर काढताना हे नाव पुष्कळदा गळतं. गावाची खोली म्हणजे प्रत्यक्षात जातीची खोली होती. कुठल्या चाळीत कोण राहतं, कुठल्या नळावर कोण आधी, हे सगळ्यांना ठाऊक असे. जानेवारी 1974 मध्ये वरळीला दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, तेव्हा दगड चालले तेही याच दोन चाळींच्या मधल्या जागेत. ती जागा आठवायची तर सगळी आठवावी.

०

नमन आणि शक्ती-तुरा, कोकणातल्या लोककला. रत्नागिरीत जाखडीचे, म्हणजे शक्ती-तुऱ्याचे, फड रंगत ते अंगणात. मुंबईत ते परळच्या दामोदर नाट्यगृहात, तिकीट लावून. वर ज्या सोशल सर्व्हिस लीगचा उल्लेख आला, तिचंच हे नाट्यगृह, 1922 चं. शक्तीवाला सवाल टाकणार, तुरेवाला उत्तर देणार, आणि पिटातले लोक ‘आमचा बुवा’ म्हणून ओरडणार. मोठ्या नाटकवाल्यांनी ज्यांना कधी नाट्यकर्मी मानलं नाही, अशी शेकडो मंडळं या रंगमंचावर वर्षातून एकदा उभी राहत. तालमी कुठे? चाळीच्या खाली, रात्रपाळीवाल्यांच्या शिव्या खात. 2023 मध्ये दामोदर पुनर्विकासासाठी बंद झालं. कलावंतांनी आंदोलन केलं, त्यात आमचे नमनवालेही होते. बातम्यांत फोटो मात्र मालिकांतल्या चेहऱ्यांचे.

०

18 जानेवारी 1982. गिरणी कामगारांचा संप. रत्नागिरीतल्या गावांना ही तारीख कुणी शिकवली नाही. मनीऑर्डर आली नाही त्यावरून कळली. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांच्यावर चिडलेली माणसं मी गावात पाहिली आणि त्यांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलेली घरंही पाहिली. दोन्ही एकाच वाडीत.

०

स्त्रियांना विचारल्याशिवाय चाळीवर लिहू नये. पुरुष बाकड्याची, कॅरमची, गोविंदाची गोष्ट सांगतात. बायका संडासाची रांग सांगतात. मजल्यावरच्या सामाईक संडासात रात्री जायचं म्हणजे कुणाला तरी उठवायचं. पाणी पहाटे येई, ते पिंपात भरून ठेवायचं. 160 फुटांत बाळंतपण, दहावीची परीक्षा आणि म्हाताऱ्याचं आजारपण एकाच महिन्यात. वरळीच्या चाळीत संसार केलेल्या आमच्या एका नात्यातल्या आजींना मी नव्या घराबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “आत कडी लावता येते रे!” त्यांचा रोख न्हाणीघराकडे होता. पाडकामावर हळहळणाऱ्या लेखकांनी, म्हणजे मीही, हे ऐकून ठेवावं.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. 160 च्या बदल्यात 500 चौरस फूट, चाळिसेक मजली इमारतीत. घर चांगलं आहे, आणि हक्काचं.

०

फक्त एक खटकतं. हिशेब केला तो खोलीचा. खोलीला मोजमाप होतं, भाडेपावती होती, पात्रतेची यादी होती. पॅसेजचा, खालच्या पट्ट्याचा, व्यायामशाळेपुढच्या मातीचा हिशेब कुणाच्या पात्रतेत धरणार? तिथे जे चालायचं, म्हणजे कबड्डी, भिशी, लग्नाचा मांडव, मयताची तिरडी, संपाची सभा, ते आता पोडियमवर करायचं तर सोसायटीची परवानगी लागेल. पुनर्विकास वाईट आहे असं मी म्हणत नाही. मोजपट्टी खोलीच्या उंबऱ्याशी थांबली, एवढंच म्हणतो.

०

त्या वस्तीचा पुरावा शोधायचा तर मुंबईत नको, इथे शोधावा. संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर, कुठेही जा. देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या व्हरांड्यात, पाणवठ्याच्या कठड्यावर संगमरवरी पाटी असते: अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई. खाली देणगीदारांची नावं, आकडे रुपयांत, कधी पन्नास, कधी एकशे एक. काही पाट्यांवर मंडळाचा पत्ताही कोरलेला असतो, चाळ नंबर, खोली नंबर, डिलाईल रोड. कोकणातल्या देवळांचा जीर्णोद्धार सध्या धडाक्यात चाललाय. जुन्या फरशीबरोबर या पाट्याही निघताहेत, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

०

नव्या इमारतीत कुणाला कुठलं घर, हे संगणकीय सोडतीने ठरतं. न्याय म्हणून ते बरोबरच. नाहीतर ओळखीवाल्यांनी वरचे मजले लाटले असते. पण एका पॅसेजमधले शेजारी त्यात वेगवेगळ्या मजल्यांवर जातात. एका मंडळाच्या सभेला मध्यंतरी बसलो होतो. मुंबईच्या शाखेची खोली पाडायला गेलेली, म्हणून सभा गावात. विषय पालखीच्या खर्चाचा. पण वेळ गेला लेटरहेडवर. जुने छापील कागद संपलेत, नव्यावर मुंबईचा पत्ता कुठला टाकायचा? सेक्रेटरी म्हणाला, घर मिळेपर्यंत माझा विरारचा टाका. अध्यक्षांना ते पटेना. शेवटी ठराव झाला तो असा: पत्ता विरारचा, आणि कंसात ‘डिलाईल रोड’.